डोक्याला शिकेकाई, ताटात कुळीथ: खोलीवर राहणाऱ्या नव्या मंडळींसाठी

पहिल्या वर्षी दिवाळीला घरी गेले तेव्हा आजी वेणी घालायला बसली आणि मध्येच थांबली. "अगो, वेणी खंय गेली?" एवढंच म्हणाली. सावंतवाडीहून पुण्याला निघताना माझी वेणी मुठीत मावत नव्हती, तीन महिन्यांत दोन बोटांवर आली होती. तोवर मी तीन शाम्पू, एक सीरम आणि कांद्याच्या तेलाची एक बाटली एवढं करून बसले होते. त्या पैशात महिनाभराचा किराणा आला असता. तो आणायला हवा होता हे पुढे कळलं.

आई फोनवर रोज तेच विचारायची: "केसांचा ऱ्हवांदे, तू जेवतंस काय ता सांग." जेवत कुठे होते? सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री मेसची पाणीदार आमटी आणि दोन पोळ्या. केसांची गोष्ट आणि जेवणाची गोष्ट एकच आहे हे मला उशिरा उमगलं, म्हणून हा लेखही दोन्हींचा मिळून आहे. मुलग्यांनो, तुम्हीही वाचा. टोपी घालून फिरणारे दोघे आमच्याच वर्गात होते.

काय काय लागेल

स्वयंपाकाला: इंडक्शन शेगडी किंवा छोटा गॅस, तीन लिटरचा कुकर, एक लोखंडी कढई, झाकणाचं एक पातेलं, सुरी, चाळणी, फडकं.

डोक्याला: एक वेगळं स्टीलचं पातेलं (वेगळं का, ते पुढे सांगते), रुंद दातांचा कंगवा, जुन्या सुती ओढणीचा तुकडा, खोबरेल तेल.

कागदपत्रांत फक्त एक ओळखपत्र. तेही छोटा सिलिंडर घेणार असाल तरच.

१. आधी पाणी ओळखा

आमच्याकडे विहिरीचं पाणी. जांभ्या दगडातून येणारं, मऊ. जरा साबण लावला की फेसच फेस. इथे वाघोलीकडच्या आमच्या इमारतीत कधी बोअर, कधी टँकर. पहिल्या आठवड्यातच केस दोरखंडासारखे झाले, आणि मला वाटलं शाम्पूच वाईट.

घरच्या घरी तपासायचं असेल तर पारदर्शक बाटली पाण्याने अर्धी भरा, त्यात अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी मऊ आहे. फेस जेमतेम आणि पाणी दुधट झालं तर जड. दुसरी खूण बादलीच्या कडेला आणि किटलीच्या तळाला धरणारा पांढरा थर. हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. तेच केसांवर बसतात, साबणाशी मिळून चिकट साका करतात, मग केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात.

पाणी बदलणं आपल्या हातात नसतं. पण शेवटचा एक तांब्या हातात असतो. नेहमीच्या पाण्याने न्हाऊन झालं की पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा एक लिटर घ्या, त्यात अर्ध्या लिंबाचा रस गाळून घाला आणि तो केसांवरून ओता. एवढ्यानेच केसांचा हात बदलतो.

इथे एक चूक हमखास होते. आरओ यंत्राच्या नळीतून जे पाणी बाहेर टाकलं जातं, ते 'वाया कशाला घालवायचं' म्हणून काहीजणी डोक्यावर घेतात. क्षार गाळून उरतात ते त्याच पाण्यात. म्हणजे नळाच्या पाण्याहूनही ते जड. लादी पुसायला वापरा.

२. गळतंय की तुटतंय?

मोरीच्या जाळीवर केसांचा गोळा दिसला की धसका बसतो. मला बसायचा. पण दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं हे चालायचंच, आणि दोन दिवसांआड न्हाणारीला तेवढ्या दिवसांचे एकदम दिसतात.

पडलेला एक केस घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि टोक बघा. एका टोकाला मोहरीहून बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून गळलाय. गाठ नसेल, दोन्ही टोकं नुसतीच असतील, तर मधेच तुटलाय. तुटणाऱ्या केसांचं कारण बहुतेक वेळा बाहेर सापडतं: जड पाणी, ओल्या केसांत फिरवलेला बारीक कंगवा, घट्ट पोनीटेल, स्ट्रेटनर. गळणाऱ्या केसांचं कारण आत शोधायचं.

आतलं कारण शोधताना मागे जा, दोन ते तीन महिने. ताप, डेंगू, टायफॉइड, अचानक कमी झालेलं जेवण, परीक्षेचं जागरण यांचा परिणाम केसांवर लगेच दिसत नाही, तेवढ्या उशिराने दिसतो. ऑगस्टमध्ये माझं खाणं बिघडलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी केस झडायला लागले. मी दोष दिला तो ऑक्टोबरात आणलेल्या शाम्पूला! कारण सुधारलं की अशी गळती बहुतेकदा आपोआप थांबते, पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. 'सात दिवसांत फरक' लिहिलेली बाटली दुकानातच राहू द्या.

३. शेगडी आणि भांडी

वसतिगृहात असाल तर आधी नियम विचारा. बऱ्याच ठिकाणी खोलीत शेगडी चालत नाही आणि लपवून ठेवलेली कॉइलची शेगडी सापडली की दंड होतो. कॉइलच्या नादाला तर लागूच नका. तशी वेळ असेल तर चौथ्या भागातले न शिजवायचे पदार्थ बघा.

खोली भाड्याची असेल तर इंडक्शन सोपं. माझी फजिती अशी झाली की आईने नवा कोरा कुकर दिला, तो मी सात तासांच्या एसटी प्रवासात मांडीवर धरून आणला, इंडक्शनवर ठेवला, तर ते नुसतं टूं-टूं करून बंद. कुकर अॅल्युमिनियमचा होता. इंडक्शनला तळाशी चुंबक चिकटेल असंच भांडं लागतं. भांडी घ्यायला जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका आणि दुकानात तळाला लावून बघा. सगळं स्टीलही चिकटत नाही.

लोखंडी कढई आणि बिडाचा तवा मात्र पटकन चिकटतो, स्वस्तही पडतो. शिवाय लोखंडात शिजवलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं, ते आपल्याला हवंच आहे. तुळशीबागेच्या आसपासच्या भांड्यांच्या दुकानांत छोटी कढई मिळते. फक्त तिच्यात कोकम, चिंच, टोमॅटो घातलेलं फार वेळ ठेवू नका, काळं पडतं. धुतली की लगेच पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर सकाळपर्यंत गंज.

सॉकेटही बघून घ्या. दोन हजार वॅटची शेगडी नऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. बारीक पिनेच्या सॉकेटवर किंवा स्वस्तातल्या एक्स्टेंशनवर ती लावलीत तर प्लास्टिक वितळल्याचा वास येईल. गिझरला असतो तसा जाड पिनेचा १६ अँपिअरचा सॉकेट हवा. बिलाची भीती नको: १२०० वॅटवर अर्धा तास म्हणजे ०.६ युनिट.

गॅसच हवा असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर अधिकृत वितरकाकडे ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. गल्लीत मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. ते बेकायदेशीर आहे, आणि ज्या खोलीत आपण झोपतो तिथे ते ठेवायचंय.

४. एकच यादी, दोन्ही कामांची

एकटीला महिन्याला साधारण एवढं पुरतं: तांदूळ दोन किलो, मूगडाळ अर्धा किलो, मटकी अर्धा किलो, शेंगदाणे अर्धा किलो, जाडे पोहे अर्धा किलो, कुळथाचं पीठ पाव किलो, तेल एक लिटर, मोहरी, हिंग, हळद, तिखट, मीठ, गूळ, लसूण, कोकम. कांदे, लिंबं, कढीपत्ता आणि अंडी आठवड्याला.

डोक्याचं सामान काष्ठौषधीच्या दुकानात मागा. पुण्यात मंडई आणि रविवार पेठेकडे अशी जुनी दुकानं आहेत. शिकेकाईच्या अख्ख्या शेंगा पाव किलो, रिठे १०० ग्रॅम, आवळकाठी (वाळवलेला आवळा) १०० ग्रॅम. मेथीदाणे किराण्यातलेच. शिकेकाईची तयार पूड स्वस्त दिसली तरी शेंगाच घ्या. पुडीत काय काय दळलंय ते कळत नाही.

शिजवायची सोय नसेल त्यांनी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, खजूर, दही, केळी आणि मोड आलेली मटकी जवळ ठेवावी. मोड आलेल्या मटकीवर गरम पाणी ओतून पाच मिनिटं झाका, पाणी काढून टाका, कांदा, लिंबू, मीठ. पोट भरतं.

५. तीन पदार्थ, बाकी पुढे

दहा पदार्थ शिकायला जाऊ नका. तीन नीट जमले की सेमिस्टर निघतं.

कुळथाची पिठी. आमच्या कोकणात आजाऱ्याला, पाहुण्याला आणि आळश्याला हीच. दोन वाट्या पाण्याला तीन सपाट मोठे चमचे पीठ. आधी हे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवून ठेवा. पातेल्यात दोन चमचे तेल, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या. लसूण कडेने तांबूस झाली की हिंग, हळद, अर्धा चमचा तिखट आणि लगेच उरलेलं दीड वाटी पाणी, नाहीतर तिखट जळतं आणि मजलाभर लोक खोकतात. दोन कोकमं आणि मीठ टाका. पाण्याला उकळी फुटली की एका हाताने कालवलेलं पीठ ओता, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. पहिली दोन मिनिटं ढवळणं थांबवलंत तर तळाशी गोळा बसलाच म्हणून समजा. पाच-सात मिनिटं मंद शिजू द्या. चमच्याच्या पाठीवर पातळ साय धरल्यासारखी दिसली की झाली. गार झाल्यावर ती आणखी आळते, म्हणून पातळच उतरवा. गरम भातावर. (घरी आम्ही यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालतो. भाड्याच्या खोलीत सोडे तळायचे असतील तर आधी घरमालकीणबाईंचा अंदाज घ्या. मी नव्हता घेतला.)

मूगडाळ खिचडी. पाऊण वाटी तांदूळ, पाव वाटीहून थोडी जास्त डाळ, दोन्ही धुऊन. कुकरमध्येच फोडणी: तेल, मोहरी, कढीपत्ता, हळद. तांदूळ-डाळ परता, तीन वाट्या पाणी, मीठ, तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या. घाईत शिट्टी उचलून झाकण ओढणाऱ्या मैत्रिणीच्या हाताला भाजल्याचा डाग अजून आहे. वरून लिंबू पिळाच, त्याचं कारण खाली आहे.

मटकीची उसळ. रात्री एक वाटी मटकी भिजत घाला, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, संध्याकाळी कॉलेजमधून आलात की मोड दिसतील. थंडीत एक दिवस जास्त. लोखंडी कढईत कांदा, मोहरी, हिंग, तिखट, मटकी, बुडेल एवढं पाणी, पंधरा मिनिटं. दाणा बोटाने दाबला की चेपला पाहिजे, पण फुटता कामा नये. शेवटी गुळाचा खडा आणि दाण्याचं कूट.

आता कारण. केस म्हणजे केराटिन, आणि केराटिन म्हणजे प्रथिनं. ती कुळीथ, मूग, मटकी, शेंगदाणे, अंडी, दही यांतून येतात. लोह कमी पडलं तरी केस गळतात, आणि ते आपल्याकडे फार जणींना कमी पडतं: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. कडधान्यातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. मोड आणले आणि लिंबू पिळलं की जास्त शोषलं जातं, जेवणाबरोबर चहा प्यायला की कमी. म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने. मला हे सगळ्यात जड गेलं.

६. तेल: थोडं, आणि न्हाण्याआधी

खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं वाहून जाणं कमी करतं. त्याने नवे केस उगवत नाहीत. आजीची माफी मागून हे लिहितेय. ती माका आणि जास्वंद घालून तेल कढवते, वास इतका छान की खोलीभर घर झाल्यासारखं वाटतं, म्हणून मी अजून मागवते. पण काम खोबरेलाचंच.

न्हाण्याआधी तास-दोन तास दोन चमचे तेल केसांच्या लांबीला लावा. टाळूवर अगदी बोटं फिरवण्यापुरतं. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंडा करणारी बुरशी टाळूच्या तेलावरच जगते, आणि 'डोकं कोरडं पडलंय' म्हणून आपण तिला आणखी वाढतो. त्यावर किटोकोनॅझोलचा शाम्पू औषधाच्या दुकानात मिळतो. नैसर्गिकच्या हट्टापायी मी दोन महिने खाजवत बसले होते, तुम्ही बसू नका.

७. शिकेकाईचं न्हाणं

एका वेळेला शिकेकाईच्या आठ-दहा शेंगा, बिया काढलेले चार रिठे, मूठभर आवळकाठी, एक चमचा मेथी. शेंगा मोडून सगळं रात्री स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाण्यात भिजवा. लोखंडी कढई नको, आवळ्याने शाई होते. सकाळी दहा-पंधरा मिनिटं मंद उकळा, गार होऊ द्या, हाताने कुस्करा आणि सुती फडक्यातून पिळून गाळा. चहाच्या रंगाचं, किंचित बुळबुळीत पाणी मिळतं.

गाळणं टाळू नका. पहिल्यांदा मी तयार पूड पाण्यात कालवून थेट डोक्यावर थापली. अर्धा तास धुतलं तरी केसांत भुसा, आणि मोरी तुंबली ती वेगळीच. सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला मी डोक्यात चॉकलेटी कण घेऊन उभी होते.

केस आधी पूर्ण भिजवा, मग हे पाणी तांब्याने थोडं थोडं टाळूवर ओता, डोळे मिटून. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की मिरचीची आठवण होते. शाम्पूसारखा फेस येणार नाही. आला नाही म्हणून आणखी ओतू नका. दोन मिनिटं बोटांनी चोळा, धुवा, शेवटी पहिल्या भागातलं लिंबाचं पाणी. तेल भरपूर चोपडलं असेल तर शिकेकाईने निघत नाही, म्हणूनच वर दोन चमचे म्हटलं. जड पाण्यात साबणाचा साका होतो तसा शिकेकाई-रिठ्याचा होत नाही, हा तिचा खरा फायदा.

उरलेलं पाणी फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं, बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आंबतं. बाटलीवर नाव लिहा. रूममेटने ते कोकम सरबत समजून तोंडाला लावलं होतं.

आणि आता वेगळ्या पातेल्याचं कारण. मी एकदा रिठे उकळलेल्या पातेल्यात, नीट घासूनही, वरण लावलं. उकळी आली तसा वरणावर साबणाचा पांढरा फेस चढला. चवीबद्दल बोलत नाही.

केस जुन्या ओढणीत गुंडाळून टिपा, टॉवेलने खसाखसा पुसू नका. ओला केस ताणला की तुटतो. जरा वाळले की रुंद कंगव्याने खालून वर सोडवत जा. परीक्षेच्या आठवड्यात हे सगळं जमत नाही. तेव्हा साधा सौम्य शाम्पू वापरा, काही बिघडत नाही.

८. हे डोक्याला लावू नका

खाण्याचा सोडा. केस आणखी राठ होतात. लिंबाचा नुसता रस, टाळूची आग होते. कांद्याचा रस लावल्यावर बसमध्ये शेजारची सीट रिकामी मिळते, पण खाज सुटली तर लगेच धुवा. अंडं लावून गरम पाण्याने धुतलंत तर केसांत भुर्जी होते. अंडं खा. आणि झटपट रंगणारी 'काळी मेहंदी' मुळीच नको. मेहंदीचा रंग मुळात काळा नसतो, काळेपणासाठी त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं, त्याने काहींचं तोंड-डोळे सुजतात.

उवा झाल्या तर लाजू नका, खोल्यांत होतातच. ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक फणी फिरवा, दोन-तीन दिवसांआड दोन आठवडे. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करायचं, नाहीतर त्या या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत राहतात.

९. डॉक्टरकडे कधी

तीन महिने नीट जेवूनही गळती थांबली नाही, नाण्याएवढा गोल भाग मोकळा झाला, भांग रुंदावत चाललाय, पाळी अनियमित आहे किंवा जिना चढताना धाप लागते, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बहुधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगतील. माझं हिमोग्लोबिन ठीक आलं होतं, फेरिटिन मात्र तळाला होतं. म्हणून नुसतं 'एचबी बघितलं, बरं आहे' यावर थांबू नका. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. डॉक्टरांनी दिल्या तर चहाबरोबर घेऊ नका.

मैत्रिणीने सुचवल्या म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, त्यांनी थायरॉईडचा आकडा चुकीचा येऊ शकतो. तपासणीचे कागद एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा. मी पहिले हरवले आणि सहा महिन्यांनी फेरिटिन वाढलंय की नाही हे ताडून बघायला जुना आकडाच नव्हता.